भीती आणि विश्वास: खानदेशातल्या मंडळ्यांत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उपासना संपल्यावर, दवाखान्याच्या व्हरांड्यात किंवा घरसभेनंतर चहा घेताना हळू आवाजात विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोबत वचनांचे संदर्भ आहेत. आपापल्या पवित्र शास्त्रात उघडून ताडून पाहा.

भीती वाटते म्हणजे माझा विश्वास कमी आहे का?

नाही. स्तोत्र ५६ च्या मथळ्यात म्हटलंय की दावीद गथात पलिष्ट्यांच्या हाती सापडला, तेव्हाचं हे स्तोत्र. १ शमुवेल २१:१२ तर उघड सांगतं की गथच्या आखीश राजाला तो फार भ्याला होता. त्याच स्तोत्राच्या तिसऱ्या ओवीत तो म्हणतो, भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन. भीती आणि भरवसा एकाच ओवीत आहेत. पौल २ करिंथ ७:५ मध्ये आपल्याला आत भीती होती असं लिहून मोकळा होतो. गेथशेमाने बागेत खुद्द येशू अत्यंत अस्वस्थ झाला (मार्क १४:३३-३६). ‘खऱ्या ख्रिस्ती माणसाला भीती वाटतच नाही’ असं सांगणाऱ्याला ही सगळी पानं गाळावी लागतील.

यावर नावेतल्या वादळाचा दाखला हमखास दिला जातो: ‘येशू शिष्यांना रागावला ना, विश्वास नाही म्हणून?’ मार्क ४:३५-४१ नीट वाचा. शिष्यांनी नुसतं ‘आम्हाला भीती वाटते’ म्हटलं नव्हतं. ‘आम्ही बुडतोय आणि तुला पर्वा नाही’ असं म्हटलं होतं. बोच तिथे आहे. मार्क आणि लूक यांच्या वृत्तांतात येशू आधी वारा शांत करतो आणि मग प्रश्न विचारतो. मत्तयाने क्रम उलटा दिलाय, पण येशूने बुडू मात्र कोणालाच दिलं नाही. घाबरलेल्या माणसाला आधी काठावर आणा. शिकवण नंतर देता येते.

मग ‘परमेश्वराचे भय हा ज्ञानाचा आरंभ’ असं का लिहिलंय?

तिथे आदराची, धाक बाळगून वागायची गोष्ट आहे: मापात पाप करू नये, कारण देव पाहतो. तो आपल्याला गाठून मारेल ही धास्ती वेगळी. तिच्याबद्दल १ योहान ४:१८ म्हणतं की पूर्ण प्रीती भीती घालवून देते, कारण त्या भीतीत शिक्षेचा विचार असतो. सोपी कसोटी अशी: ज्या भयाने माणूस देवाकडे येतो ते पहिलं, आणि ज्याने त्याच्यापासून लपतो ते दुसरं.

बायबलमध्ये ‘भिऊ नको’ ३६५ वेळा आहे, रोज एकदा, हे खरं का?

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, पण मोजायला बसलं की आकडा भरत नाही. भाषांतरागणिक संख्या बदलते आणि ३६५ च्या बरीच खाली राहते. उपदेशात वापरू नका. कोणी मोजून पाहिलं तर त्याचा बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडेल.

रात्री विचारांनी झोप लागत नाही. नेमकी प्रार्थना कशी करायची?

पहिली चूक अंथरुणात होते. माणूस आडवा होतो आणि मग काळज्या उलगडायला घेतो. प्रार्थना म्हणून सुरू झालेलं बोलणं दहा मिनिटांत पुन्हा हिशेबावर येतं: हप्ता, मुलीचं लग्न, डॉक्टरांचा रिपोर्ट.

त्यामुळे काळजीची वेळ दिवसाउजेडी ठरवा. संध्याकाळच्या स्वयंपाकाआधी पंधरा मिनिटं पुरतात. एक साधी वही घ्या आणि भीती एका वाक्यात, नावानिशी लिहा. ‘टेन्शन आहे’ असं मोघम नको. ‘सोसायटीचं कर्ज मार्चअखेर भरता आलं नाही तर काय’ असं लिहा. खाली दोन रकाने करा. एकात माझ्या हातात आहे ते, दुसऱ्यात नाही ते. पहिल्या रकान्यातली एक गोष्ट निवडा आणि ती उद्या कधी करणार ते लिहा. दुसरा रकाना मोठ्याने वाचून देवाला सांगा. फिलिप्पै ४:६ मध्ये प्रार्थना, विनंती आणि आभार असे तीनही भाग आहेत. आभाराचा भाग लोक गाळतात, म्हणून त्या दिवशीची एक खरी गोष्ट आठवून आभार माना. सातव्या ओवीतलं आश्वासनही तपासा: काम होईलच असं तिथे म्हटलेलं नाही, शांती तुमची मनं राखील असं म्हटलंय. आणि हे लिहिणारा पौल त्या वेळी कैदेत होता.

अंथरुणात मात्र नवीन मुद्दा काढायचा नाही. श्वास घेताना मनात चार मोजेपर्यंत ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’, सोडताना सहा मोजेपर्यंत ‘मला काही उणे पडणार नाही’, असं पाच-सात मिनिटं करा. सोडायचा श्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात. शरीराची रचनाच तशी आहे. वीस मिनिटांत झोप नाही लागली तर उठून बसा, मंद उजेडात स्तोत्र ४ किंवा १२१ वाचा, डोळे जड झाल्यावर परत आडवे व्हा. मोबाईलवर बायबल वाचायला घेतलं की बोट दुसरीकडे जातंच, म्हणून छापील प्रत जवळ ठेवा.

स्तोत्र २३ म्हणताना एक गोष्ट लक्षात घ्या. पहिल्या तीन ओव्यांत दावीद देवाबद्दल बोलतो: तो मला नेतो, तो माझा जीव ताजातवाना करतो. चौथ्या ओवीत मृत्युच्छायेची दरी आली की तो एकदम देवाशीच बोलू लागतो: कारण तू माझ्याबरोबर आहेस. भीती दाटून आल्यावर देवाबद्दल बोलणं थांबवून त्याच्याशी बोलायला लागा, इतकं त्यातून घेतलं तरी पुष्कळ.

प्रार्थना शुद्ध मराठीतच करावी लागते का? मला अहिराणीतच सुचतं.

ज्या भाषेत तुम्ही आईला हाक मारता तीच भीतीची भाषा. ‘देवा, माले भीती वाटस’ ही पूर्ण प्रार्थना आहे. नवापूरकडे मावचीत आणि धडगावकडे पावरीत प्रार्थना होतात, त्या कमी दर्जाच्या नाहीत. उलट घाबरलेला माणूस पुस्तकी शब्द शोधू लागला की प्रार्थना राहते बाजूला आणि भाषण सुरू होतं.

पाठ केलेली वचनं ऐन वेळी आठवत नाहीत.

संकटात पाठ करायला घेतलं तर असंच होणार. शांत दिवसांत, आठवड्याला एकच ओवी घ्या. पहिल्या दिवशी हाताने तीनदा लिहा, मग दुसऱ्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी न बघता म्हणा. संदर्भ आधी आणि शेवटी, दोनदा उच्चारा. सुरुवातीला पाच पुरेत: रात्रीसाठी स्तोत्र ४:८, माणसांच्या भीतीसाठी स्तोत्र २७:१, आजारपणात यशया ४१:१०, काळजीसाठी १ पेत्र ५:७, मरणाच्या विचारासाठी रोम ८:३८-३९. लहान मुलं चालीवर पटकन पाठ करतात. मोठ्यांनी लाजू नये.

झोपेत छातीवर कोणीतरी बसतं, हलता येत नाही, ओरडता येत नाही. हे दुष्ट आत्म्याचं काम आहे का?

बहुतेक वेळा ही झोपेतली एक ओळखीची अवस्था असते. स्वप्नांच्या झोपेत शरीराचे स्नायू सैल पडलेले असतात. मेंदू जागा होतो आणि स्नायू काही सेकंद ते एक-दोन मिनिटं मागे राहतात. त्या अर्धवट जागेपणी सावली दिसणं, खोलीत कोणी असल्याचा भास होणं हे नेहमीचं. पाठीवर झोपल्यावर, झोप अपुरी झाल्यावर आणि ड्युटीच्या वेळा सतत बदलल्यावर हे वाढतं. भुसावळला रेल्वेत रनिंग ड्युटी करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

त्या क्षणी सगळं अंग हलवायची धडपड करू नका. पायाचा अंगठा किंवा करंगळी हलवायचा प्रयत्न करा, मनात येशूचं नाव घ्या आणि श्वासाकडे लक्ष द्या. एरवी कुशीवर झोपा. आठवड्यातून अनेकदा होत असेल किंवा दिवसाही अनावर झोप येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. घरावर सावली आहे म्हणून तीन रात्री जागरण-प्रार्थना ठेवली, तर झोप आणखी मोडते आणि त्रास वाढतो. मग लोक म्हणतात, सैतान चवताळला.

अचानक छाती धडधडते, हातपाय गार पडतात, आता मरतो असं वाटतं. प्रार्थना करू की दवाखाना गाठू?

पहिल्यांदाच होत असेल तर दवाखाना गाठा आणि ईसीजी काढा. छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात जाणारी कळ, दरदरून घाम, वय चाळिशीच्या पुढे, मधुमेह किंवा रक्तदाब यांपैकी काही असेल तर १०८ ला फोन करा आणि प्रार्थना गाडीत करा. एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळच्या उन्हात राबून आलेल्याला धडधड, चक्कर आणि गोंधळलेपण असेल तर उष्माघाताचाही विचार करायला हवा.

हृदय ठीक आहे असं डॉक्टरांनी सांगितल्यावरही झटके येत असतील, तर तो घबराटीचा झटका असू शकतो. तो साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि अर्ध्या तासाच्या आत ओसरतो. त्याच्याशी झगडलं की लांबतो. जमिनीवर पाय टेकून बसा, वर सांगितलेला चार-सहाचा श्वास धरा, समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या. लांब प्रार्थना त्या वेळी जमत नाही, जमवूही नका. ‘प्रभू, धर मला’ इतकं पुरे. पेत्र पाण्यात बुडू लागला तेव्हा त्याची प्रार्थनाही तीन-चार शब्दांचीच होती (मत्तय १४:३०).

डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. घेतल्या तर विश्वासात कमी पडलो असं होईल का?

पौलाने तीमथ्याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं (१ तीमथ्य ५:२३). ‘विश्वास ठेव आणि सहन कर’ असं लिहिलं नाही. लूक स्वतः वैद्य होता (कलस्सै ४:१४).

व्यवहारात अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. चिंता आणि नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकं जड असा त्रास होतो आणि गुण दिसत नाही, तेव्हाच कोणीतरी म्हणतं ‘प्रभूवर सोड’, आणि गोळी बंद होते. दुसरी चूक बरं वाटू लागल्यावर होते: मंडळीत साक्ष देण्यासाठी गोळ्या एकदम थांबवल्या जातात आणि दुखणं उलटतं. बंद करायच्याच तर डॉक्टरांच्या सांगण्याने, हळूहळू कमी करत. मधुमेहाच्या किंवा फिट्सच्या (अपस्माराच्या) गोळ्या चालू असणाऱ्याने उपास-प्रार्थनेत अन्न सोडू नये. उपास मोबाईलचा धरावा. सिकलसेलच्या मुलाला ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना, घरसभा संपेपर्यंतही थांबायचं नाही.

जिल्हा रुग्णालयात आणि जळगाव, धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकारांवर उपचार मिळतात. सरकारी टेली मानस हेल्पलाइन १४४१६ मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं.

आमच्यावर करणी केली आहे असं भगताने सांगितलंय. काय करावं?

ख्रिस्ती शिकवण इथे स्पष्ट आहे. ख्रिस्ताने सत्ता आणि अधिकार नि:शस्त्र केले (कलस्सै २:१५), तेव्हा लिंबू, बाहुली, उतारा यांच्या धाकात जगायचं कारण उरत नाही. पण ‘आपला देव मोठा आहे, त्यांची करणी उलटवू’ हा सूरही त्याच धाकातून निघतो, फक्त माळ बदलते.

आधी त्रास काय आहे ते पाहा. जनावर दगावलं असेल तर पशुवैद्यक, पोर खंगत असेल तर रक्त-लघवी तपासणी, घरात भांडण असेल तर समोरासमोर बोलणं. मग घरात बसून स्तोत्र २७ वाचा, एकत्र प्रार्थना करा आणि त्या रात्री नेहमीसारखं जेवून झोपा.

एक गोष्ट कडक शब्दांत सांगायला हवी. सातपुड्याच्या पट्ट्यात बाईला डाकीण ठरवून मारझोड झाल्याच्या घटना घडल्या आहेत. कोणत्याही ख्रिस्ती माणसाने, पाळकाने किंवा प्रार्थना करणाऱ्या बहिणीने ‘प्रभूने दाखवलं, अमुक बाईमुळे झालं’ असं नाव घेऊ नये. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा भगताला लागू आहे तसा पाळकालाही: सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. भूत काढायच्या नावाखाली बांधणं, मारणं, धुरी देणं गुन्हा आहे. साप चावल्यावर मंत्र म्हणत दवाखान्यात जाण्यापासून रोखणं हाही गुन्हा आहे. साप चावलेल्याचा पाय हलू न देता त्याला थेट रुग्णालयात न्या. चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही.

उशाखाली बायबल, दारावर क्रूस, बाटलीत प्रार्थनेचं तेल ठेवलं तर भीती जाते का?

क्रूस लावा, तेलही लावा. याकोब ५:१४ मध्ये मंडळीच्या वडिलांनी आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करावी असं आहेच. पण बायबल न उघडता उशाखाली ठेवायचं आणि एखाद्या रात्री राहिलं तर धास्ती घ्यायची, तर तो ताईतच झाला. स्तोत्र ९१ चं बहुतेक हेच होतं. ‘एकवीस वेळा म्हणा, अपघात होणार नाही’ असे संदेश फिरतात. हेच स्तोत्र मंदिराच्या शिखरावरून उडी मार म्हणताना सैतानाने येशूला ऐकवलं होतं (मत्तय ४:६), आणि येशूने ते कवच म्हणून वापरायला नकार दिला. हेल्मेट घाला, आणि मग स्तोत्र ९१ म्हणा.

भावकीत कानबाई (खानदेशातली देवी) बसते. रोट (तिचा नैवेद्य) खाल्ला तर देव कोपेल आणि नाही खाल्ला तर कानबाई, अशी दोन्हीकडून भीती वाटते.

हा प्रश्न करिंथच्या मंडळीला अगदी असाच पडला होता. पौलाचं उत्तर १ करिंथ ८ आणि १० मध्ये आहे: अन्नाने आपण देवाच्या जवळ जात नाही की दूर होत नाही, पूजेत वाटेकरी होऊ नका, वाढलेलं काही विचारत न बसता खा, पण ‘हे अर्पण केलेलं आहे’ असं कोणी मुद्दाम सांगितलं तर त्याच्या विवेकासाठी थांबा. मंडळ्यांमध्ये यावर एकमत नाही, त्यामुळे आपल्या पाळकांशी बोला. नको म्हणायचं असेल तर हात जोडून म्हणा, ताट ढकलू नका. कामाला, पाणी भरायला, पाहुण्यांचं बघायला आधी जा. आणि दोन्हीकडच्या कोपाची भीती मनातून काढून टाका. रोम ८:१५ म्हणतं की पुन्हा भ्यावं असा दास्याचा आत्मा आपल्याला मिळालेला नाही.

वादळात केळी आडवी झाली, डोक्यावर कर्ज आहे. ‘उद्याची चिंता करू नका’ हे वाचून उलट राग येतो.

राग येणं समजण्यासारखं आहे. रावेर-यावलकडे मे-जूनच्या वाऱ्यात काढणीला आलेला बाग एका संध्याकाळी झोपतो. मत्तय ६:३४ मध्येच ‘ज्या दिवसाचं दुःख त्या दिवसाला पुरे’ असं म्हटलंय, म्हणजे दुःख आहे हे मान्य करूनच येशू बोलतो.

नहेम्या ४:९ मधलं वाक्य अशा वेळी उपयोगी पडतं: त्यांनी देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा ठेवला. तुमचा पहारा असा: पडलेल्या बागेचे फोटो त्याच दिवशी, शेताची खूण दिसेल असे काढा. विमा असेल तर नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्या. पंचनाम्यासाठी तलाठी आणि कृषी सहायकाकडे अर्ज देऊन पोच घ्या. बँकेत स्वतः जाऊन पुनर्गठनाबद्दल विचारा. लपून राहिलं की भीती आणि व्याज दोन्ही वाढतात. विनापरवाना सावकार धमकावत असेल तर सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे तक्रार करता येते. कर्जाचा खरा आकडा घरात बायकोला किंवा नवऱ्याला सांगा. मंडळीने अशा घरी भाषण देण्याआधी दोन महिन्यांचा किराणा पोचवावा.

पवित्र आत्म्याविरुद्धचं अक्षम्य पाप माझ्याकडून घडलंय अशी भीती सतत छळते.

मत्तय १२ मध्ये हे शब्द अशा लोकांना उद्देशून आहेत, जे डोळ्यांदेखत झालेलं चांगलं काम सैतानाचं ठरवत होते आणि त्यांना त्याची जराही खंत नव्हती. तुम्हाला खंत आहे, हेच उत्तर. १ योहान १:९ वाचा. पण तोच घाण विचार दिवसातून पन्नासदा येत असेल, दरवेळी क्षमा मागूनही समाधान होत नसेल, तर हा मंत्रचळ नावाचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. अशा माणसाला पाळकांनी पुन्हा पुन्हा ‘क्षमा झाली’ असं सांगत राहिलं तर तासाभराची शांती मिळते आणि विचारण्याची सवय आणखी पक्की होते.

घरातलं कोणी ‘मला जगायचं नाही’ म्हणतंय.

वचन नंतर. आधी स्पष्ट विचारा, ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट माणूस मोकळा होतो. फवारणीची औषधं, दोर, जास्तीच्या गोळ्या त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी हलवा. एकटं सोडू नका. १४४१६ ला फोन करा; विष घेतलं असेल तर १०८, आणि डबा सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना औषध कळेल. आत्महत्या पाप आहे यावर त्या रात्री चर्चा नको. एलीया झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा दूताने त्याला दोनदा उठवून भाकर आणि पाणी दिलं, मध्ये झोपू दिलं (१ राजे १९:४-८). देवाशी बोलणं त्यानंतर, होरेबावर झालं.

घाबरलेल्या किंवा आजारी माणसाच्या भेटीला जाताना काय सांभाळावं?

दोघं-तिघं जा, दहाजण नको. वीस मिनिटं ते अर्धा तास बसा. आधी जेवण, झोप, औषध विचारा. हात ठेवायचा असेल तर परवानगी घ्या. बाईसाठी बाई सोबत असू द्या. एक छोटं स्तोत्र, दोन मिनिटांची प्रार्थना, आवाज खोलीपुरता. ‘काही पाप लपवलंय का?’ असं विचारू नका. योहान ९:३ मध्ये येशूने तो हिशेब नाकारला आहे. स्तोत्र ८८ सोबत असू द्या. ते अंधारातच संपतं, आणि काही घरांत तेवढंच वाचता येतं. निघताना पुन्हा कधी येणार तो दिवस सांगा आणि त्या दिवशी जा.

भीतीतून बाहेर पडलो. मंडळीत साक्ष देऊ का?

द्या, पाच मिनिटांत. घरच्यांच्या आजाराचं नाव त्यांच्या परवानगीशिवाय घेऊ नका. उपचार घेतले असतील तर तेही सांगा, कारण समोर गोळ्या चालू असलेलं कोणीतरी बसलेलं असतं. मोबाईलवर रेकॉर्डिंग करू देऊ नका, आणि शेजाऱ्याच्या देवाची खिल्ली त्यात येऊ देऊ नका. अजूनही कधीकधी भीती वाटत असेल तर तसंच सांगा. मार्क ९:२४ मधला बाप ‘माझा विश्वास आहे’ आणि ‘माझा अविश्वास घालवा’ हे एकाच दमात म्हणाला, आणि त्याचा मुलगा बरा झाला.